काळा कॉर्सेट आणि चुलतबहिणीचं लग्न : वेगळे कपडे ही ओळख असते की नाद?

शिलाईवाली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत लेडीज टेलरिंग करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत शिवलेली नऊवारी, हे नेहमीचं काम. हल्ली मात्र वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलंय.

सुरुवात एका पोरीने केली. मोबाइलमध्ये फोटो घेऊन आली. काळा कॉर्सेट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारी चोळी, पाठीमागे दोरीने आवळायची, खाली काळ्या लेसचा थरांचा घागरा, कोपरापर्यंत जाळीचे हातमोजे. मी विचारलं, नाटकात काम करतेस का? तर म्हणाली, नाही काकू, असंच घालायचंय. शिवून दिलं. मग तिच्या ओळखीने आणखी आल्या. एकीला जपानी बाहुलीसारखा फ्रॉक हवा होता, गुडघ्यापर्यंत, आत इतके पेटिकोट की माझं नेटचं ठाण त्यातच संपलं. एका पोराला जीन्सच्या जाकिटावर पाठभर कापडी बिल्ले लावून हवे होते, तेही मुद्दाम वेडेवाकडे. सरळ शिलाई मारायला शिकण्यात उमेदवारी गेली, आता वाकडी मारायचे पैसे मिळतात.

आता मुद्दा. त्या पहिल्या मुलीच्या चुलतबहिणीचं लग्न आलंय आणि तिला लग्नात घालायला नवा काळा ड्रेस हवाय. कापड माझ्याकडे येऊन पडलंय. परवा तिच्या आईचा फोन आला, "ताई, शिवू नका. मशीन बिघडलंय म्हणून सांगा." मुलगी कमावती आहे, पैसे तिचे ती देते. ती म्हणते, मी अशीच आहे, लग्नापुरती दुसरी कोणी कशी होऊ? आई म्हणते, चार दिवसांचा नाद आहे, उद्या हिला स्थळं बघायची आहेत.

माझे दोन प्रश्न. असले कपडे म्हणजे खरंच माणसाची ओळख असते का? आणि मी काय करू?

विषय_हार्ड

काकू, मशीन बिघडलंय म्हणा आणि शिवा पण. दोन्ही पार्ट्या खूश.

जुना_पेठकर

आमच्या कॉलेजच्या दिवसांत बेलबॉटम आलं. कानावर केस, मोठी कॉलर. वडिलांनी मला धरून न्हाव्याकडे नेलं होतं. तेव्हा आम्हालाही वाटायचं की ही आपली ओळख. पुढे नोकरी लागली आणि त्याच बेलबॉटमची आईने पायपुसणी केली. तेव्हा त्या माउलीला सांगा, धीर धरा, जाईल.

दुसरं असं, की लंडनची पोरं तिथल्या बेकारीवर चिडली आणि अंगावर सेफ्टी पिना टोचून फिरली. त्यांचं एक कारण होतं. आमच्या पोरांना काय कारण? बापाच्या पैशाने नक्कल करायची आणि वर तिला ओळख म्हणायचं. कोल्हापूरला स्वतःचा पोशाख काय कमी आहे? फेटा आहे, साज आहे, चप्पल आहे.

अमावस्या

मी ती मुलगी नव्हे, पण तिच्यासारखीच दुसरी. शिवाजी पेठेत राहते. पेठकरांना उत्तर द्यायलाच लॉगिन केलं.

आधी थोडं वेगवेगळं करते, कारण बाहेरून बघणाऱ्याला सगळं एकच वाटतं. सेफ्टी पिना आणि फाटके टी-शर्ट म्हणजे पंक. ते सत्तरच्या दशकातलं. लंडनच्या किंग्ज रोडवर 430 नंबरचं दुकान होतं, व्हिव्हिएन वेस्टवूड आणि माल्कम मॅकलॅरेन यांचं, तिथून ते कपडे गाजले. गॉथ त्यानंतरचं, आणि ते आधी संगीत आहे, मग कपडे. सूक्सी अँड द बॅन्शीज, बौहाउस, द क्युअर हे बँड ऐकणारी पोरं 1982 मध्ये सोहोत उघडलेल्या बॅटकेव्ह नावाच्या क्लबात जमायची. काळं, जाळीचं, डोळ्यांत काजळाचे फराटे. काकूंकडे आलेला बाहुलीचा फ्रॉक म्हणजे लोलिता, त्याचा लंडनशी संबंध नाही, ते टोकियोच्या हाराजुकूतलं. तिथे एक मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद असायचा आणि पोरं नटून तिथे नुसती फिरायची, गप्पा मारायची. 1998 मध्ये तो प्रकार बंद झाला. आणि लोलिता घालणाऱ्या मुली पुरुषांना आवडावं म्हणून तसं घालत नाहीत. उलट इतका घेर असतो की कुणी जवळच येऊ शकत नाही.

बापाच्या पैशाबद्दल. माझे बूट मी ट्यूशन घेऊन घेतलेत.

आता कारण. आपल्याकडे गल्लीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "कुणाची गं तू?" मग आडनाव, मग गल्ली, मग "म्हणजे अमक्याच्या शेजारी." विचारणाऱ्याला तेवढ्यात सगळं कळतं, म्हणजे त्याला तसं वाटतं. काळी लिपस्टिक लावून पहिल्यांदा महाद्वार रोडवरून गेले तेव्हा "कुणाची" कुणीच विचारलं नाही. "हे काय घातलंयस?" असं विचारलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जन्माआधीच ठरलेलं होतं. दुसऱ्याचं मला देता आलं. कारण एवढंच आहे.

मिसळ_कट

काळ्या लिपस्टिकमध्ये थेट महाद्वार रोड? घरी आल्यावर दृष्ट काढली की नाही?

अमावस्या

@मिसळ_कट आजी मीठ-मिरच्या घेऊन उभी होती. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "हिला कुणाची लागणार? सगळ्या तोंडालाच तीट लावलीय." आणि मिरच्या परत डब्यात टाकल्या.

विषय_हार्ड

आज्जी नाद खुळा!!

करवीरकर_लीड्स

मूळचा मंगळवार पेठेतला, आता यॉर्कशायरमध्ये. इथून जवळ व्हिटबी म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. ड्रॅक्युलाच्या गोष्टीत त्याचा उल्लेख आहे, त्यामुळे 1994 पासून तिथे गॉथ लोकांची जत्रा भरते. बायकोला घेऊन गेलो होतो. पन्नाशीच्या, साठीच्या बायका काळ्या घागऱ्यात, हातात छत्री, शेजारी नवरा टॉपहॅट घालून मासे-चिप्स खातोय. पेठकरांना आवर्जून सांगतो, यांची काही पायपुसणी झालेली नाही. बँकेत, दवाखान्यात नोकऱ्या करणारी माणसं आहेत.

तिथेच कळलं की व्हिटबीला जेट नावाचा काळा खडा सापडतो, खरं तर कोट्यवधी वर्षांपूर्वीचं लाकूडच ते. 1861 मध्ये नवरा वारला तेव्हापासून राणी व्हिक्टोरिया मरेपर्यंत, म्हणजे 1901 पर्यंत, काळ्या कपड्यांत राहिली. तिचं बघून दुखवट्यात जेटचे दागिने घालायची रीत फोफावली आणि या गावाची चांदी झाली. म्हणजे गॉथ मंडळींनी काळा रंग हवेतून आणलेला नाही, त्यांच्या आज्यांच्या सुतकातून उचललाय. आपल्याकडे सुतक पांढरं. त्यामुळे कोल्हापुरात काळं घातलं की लोकांना दुःख दिसत नाही, अपशकुन दिसतो. आईची भीती तिथून येते, ती समजून घ्या.

संक्रांतीचा_हलवा

अहो पण आपल्याकडे काळं चालतं की! संक्रांतीला काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने. बोरन्हाणाला तान्ह्या बाळालासुद्धा काळं झबलं घालतो. त्या पोरीला सांगा, बहिणीचं लग्न संक्रांतीला ठेवायला.

जुना_पेठकर

पौषात मुहूर्त नसतो.

संक्रांतीचा_हलवा

पेठकर, तुम्ही विनोदाचं पण सुतक पाळता.

फुटबॉलवेडा

पेठकर, राग मानू नका, पण नक्कल नक्कल काय लावलंय? आपल्या पेठांतल्या तालमींच्या मॅचला या. फुटबॉल कुठून आला, जोतिबाच्या डोंगरावरून? पण पाटाकडील आणि दिलबहारच्या पोरांना जाऊन सांगा बघू, की जर्सी ही नक्कल आहे. वर्ल्ड कप आला की अर्धं गाव ब्राझील, अर्धं अर्जेंटिना. चौकात फलक, डोक्यात पट्टे कोरलेले. कुणी म्हणत नाही संस्कृती बुडाली.

आणि तुमच्याच पिढीच्या पैलवानांचे मोडलेले कान? मातीत घासून, मार लागून कानात रक्त साकळतं आणि तसंच घट्ट होतं. डॉक्टरच्या दृष्टीने ती इजा. पण खासबागेत तोच कान म्हणजे इज्जत. मी अशी पोरं बघितलीत, तालमीत दम नाही, पण मुद्दाम कान चोळून मोडून घेतलाय, कारण एसटीत बसलं की लोक "पैलवान" म्हणून जागा देतात. ते चालतं आणि पोरीचं काजळ चालत नाही होय?

जुना_पेठकर

कानामागे मेहनत असते. (निदान असायला पाहिजे.) काळी लिपस्टिक दुकानात मिळते. हा फरक आहे आणि तो मी सोडणार नाही.

शिलाईवाली

मेहनतीचं मला विचारा. त्या पोरीने लेस स्वतः हाताने टाचून आणली होती, चुण्या मोजून. माझ्या मुलीला बटण लावता येत नाही.

चामड्याची_वादी

बराच वेळ वाचतोय. आमचं घर सुभाषनगरात, चपलेचा धंदा. आता मी शिकवण्या घेतो, पण वडील अजून पाटावर बसतात.

या धाग्यावर सगळे एक धरून चाललेत, की वेगळं दिसणं ही धाडसाची गोष्ट. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या उलटं होतं. वेगळं दिसणं सक्तीचं होतं. कुणी काय नेसायचं, कुठवर नेसायचं, कुठला धातू घालायचा, सगळं ठरलेलं. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे भाषण केलं, त्यात हाच विषय होता. लुगडं नेसायची पद्धत बदला, गळ्यातल्या आणि कोपरापर्यंतच्या त्या कथलाच्या नि चांदीच्या ओझ्यावरून तुम्ही ओळखल्या जाता, ते टाका, असं त्यांचं सांगणं होतं. बायकांनी तिथल्या तिथे नेसणं बदललं. त्यांचं बंड इतर चारचौघींसारखं दिसण्यात होतं. बाबासाहेबांच्या सुटाबद्दल आजही कुणीतरी नाक मुरडतं, साधे राहिले असते तर म्हणे. ज्याच्यावर साधेपणा लादलेला होता त्याला साधेपणाचं कौतुक सांगू नये.

माझा आजा कापशी चप्पल शिवायचा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा नाही, सगळं चामड्याच्या वादीने शिवलेलं. ती चप्पल पाटलाच्या पायात कर्रकर्र वाजायची. आजाने स्वतःची मात्र पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना हातात घ्यायची. पेठकर म्हणाले, कोल्हापूरला स्वतःचा पोशाख आहे, चप्पल आहे. आहे ना. पण कुणाच्या पायात, हे पण बघा.

आणि जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसलीच चप्पल आली, तेव्हा कोल्हापूरचं नावही नव्हतं. आपल्या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, आपल्याकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. ओरड झाल्यावर कंपनीने कबूल केलं की कल्पना भारतीय कारागिरीतून घेतली. तेव्हा गावभर अस्मिता जागी झाली. चप्पल लाइनीत एकाने वडिलांबरोबर सेल्फी घेतला आणि मग शंभर रुपये कमी करा म्हणाला.

काळं घालणाऱ्या पोरींवर माझा राग नाही. थोडा हेवा आहे. त्यांना वाटलं तेव्हा ते घालता येतं आणि वाटलं तेव्हा काढून ठेवता येतं.

मिसळ_कट

शंभर रुपये कमी करा... घ्या, हीच आपली ओळख.

अमावस्या

@चामड्याची_वादी दोनदा वाचलं. बरंचसं पटलं. तो हेवा मात्र तपासून बघा असं म्हणेन.

2007 मध्ये इंग्लंडमध्ये, लँकशायरच्या बेकप गावात, सोफी लँकास्टर नावाची 20 वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र रात्री बागेतून चालले होते. दोघं गॉथ. पोरांच्या टोळक्याने दोघांना लाथांनी तुडवलं. मित्र वाचला, सोफी वाचली नाही. पैसे चोरायचे नव्हते, जुनं भांडण नव्हतं. कपडे वेगळे होते, बास. तिच्या आईने पुढे मोहीम चालवली आणि 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून करायला सुरुवात केली. काढून ठेवता येतं हे खरं. पण काढून ठेवलं असतं तर वाचली असती, असं तिच्याबद्दल म्हणता येईल का?

चामड्याची_वादी

नाही म्हणता येणार. सोफीबद्दल माहीत नव्हतं.

पण माझा मुद्दा तेवढ्याने जात नाही. लादलेलं आणि निवडलेलं यात फरक राहतोच. आमच्या लहानपणी गल्लीत पोतराज यायचा. कंबरेला चिंध्यांचा घागरा, वाढवलेले केस, कपाळभर मळवट, अंगावर आसूड. कुणीही फोटो काढून म्हणेल, वा, काय गॉथ आहे! पण त्याला कुणी विचारलं होतं का? आईने नवस केला आणि पोरगं सोडलं. चळवळीने पुढे असे केस कापले, तेव्हा ती माणसं मोकळी झाली. त्यामुळे नुसता वेष बघून मी काही बोलत नाही. घालणाऱ्याला नको म्हणायची सोय होती का, एवढंच विचारतो.

करवीरकर_लीड्स

हा प्रश्न लग्नाच्या शालूलाही विचारता येईल.

विषय_हार्ड

आणि नवरदेवाच्या शेरवानीला. मे महिन्यात, भावा. मला कुणी विचारलं नव्हतं.

जुना_मेटलवाला

शेरवानीवरून आठवलं. उन्हाळ्याचं कारण अजून कुणी कसं काढलं नाही? आम्ही काळे टी-शर्ट घालायचो तेव्हा सगळ्यात जास्त हेच ऐकलं, "उकडत नाही का?" उकडतं. पण आफ्रिकेतल्या बोट्स्वानात हेवी मेटल संगीत ऐकणारी मंडळी कडक उन्हात डोक्यापासून पायापर्यंत काळ्या चामड्यात फिरतात, झालरी, साखळ्या, काउबॉय हॅट. त्यांच्यापुढे आपला एप्रिल काहीच नाही.

2007 ला आयर्न मेडन हे मेटल बँडवाले बंगळूरला आले, मार्चमध्ये, पॅलेस ग्राउंडवर. आम्ही मित्र कोल्हापुरातून रात्रीच्या बसने गेलो. तोवर मला वाटायचं की हे ऐकणारे आम्ही एवढेच. मैदानात शिरलो तर जिकडे नजर जाईल तिकडे काळे टी-शर्ट. शिलाँगची पोरं, चेन्नईची, कुणाची भाषा कुणाला येत नाही, पण छातीवरचं चित्र बघून लोक पाण्याची बाटली पुढे करत होते. लग्नाबिग्नाचं मला कळत नाही. मला त्या टी-शर्टने वेगळं केलं नाही, मिळवून दिलं. हा भाग कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

आता? आता मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टी-शर्ट अजून आहेत, पोटावर चित्र जरा रुंद झालंय.

एका_मुलाची_आई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा मुलगा अठरा पूर्ण झालाय. काजळ घालतो, नखं काळी रंगवतो, गळ्यात साखळी-कुलूप. इथे बऱ्याच जणांना ते गमतीचं वाटेल. मला वाटत नाही. तो संध्याकाळी रंकाळ्यावर गेला की परत येईपर्यंत माझं लक्ष दारात असतं. मुलीने काळं घातलं तर स्थळाची काळजी, मुलाने काजळ घातलं तर मार खाण्याची. अमावस्याने लिहिलेला प्रसंग वाचला आणि मी पुढे वाचूच शकले नाही.

त्याला एकदा म्हटलं, तुला काय सांगायचंय लोकांना? म्हणाला, काही नाही, मला आरशात बरं वाटतं. मला हे उत्तर पुरत नाही, पण त्याच्यापाशी दुसरं नाही.

सासरे गेले तेव्हा मला भीती होती की हा दहाव्याला काय करतो. त्याने कुणी न सांगता नखं पुसली, पांढरा सदरा घातला, घाटावर सगळ्यांबरोबर बसला. नंतर मीच विचारलं, आज कसं काय? तर म्हणाला, आज आजोबांचा दिवस होता, माझा नव्हता. म्हणून वाटतं, लग्न हा त्या चुलतबहिणीचा दिवस आहे. मुलीने एवढं केलं तर काही हरवत नाही.

अमावस्या

@एका_मुलाची_आई तुमच्या मुलाने केलं ते स्वतः केलं. मशीन बिघडलंय असं खोटं सांगून कुणी करवून घेतलं नाही. त्या मुलीच्या बाबतीत तेच चाललंय.

आणि बहिणीचा दिवस म्हणताय, तर बहिणीला विचारलंय का कुणी? अख्ख्या धाग्यात एकानेही विचारलेलं नाही. नवरीला कदाचित काही वाटतही नसेल.

संक्रांतीचा_हलवा

हे बरोबर! नवरीला विचारा. माझ्या लग्नात माझ्या आतेने माझ्यापेक्षा भारी शालू नेसला होता, ते मला अजून खुपतंय. काळा चालला असता.

नाटकवेडी

जरा वेगळं. पुरुषाने काजळ घालण्याचं महाराष्ट्राला इतकं वावडं कधीपासून? बालगंधर्व स्टेजवर जसं नेसायचे, जसा अंबाडा घालायचे, नथ घालायचे, तसं घरंदाज बायका घरी करायच्या. म्हणजे मराठी बायकांना फॅशन एका पुरुषाने शिकवली. तेव्हाही नाकं मुरडणारे असतीलच.

जुना_पेठकर

बालगंधर्व कलावंत होते. स्टेजवरून उतरल्यावर धोतर-कोट-टोपी.

नाटकवेडी

आणि त्यांचं बघून साडी नेसणाऱ्या बायका कुठल्या स्टेजवर होत्या?

जुना_पेठकर

बरं. हा एक गुण तुम्हाला.

शिलाईवाली

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. काय झालं ते सांगते.

मशीन बिघडल्याचं मी सांगितलं नाही. माझं दुकान मशीनवर चालतं, ते बिघडलंय अशी बोंब मीच कशाला मारू? आईंना फोन करून म्हटलं, मी खोटं बोलणार नाही, पण ट्रायलला तुम्ही पण या. आल्या. आधी स्टुलावर पाठ करून बसल्या. मग मी दोऱ्या आवळायला लागले तेव्हा वळून बघायला लागल्या. थोड्या वेळाने उठल्या आणि म्हणाल्या, "काळं तर काळं, निदान गळा तरी दोन बोटं वर घ्या." मुलगी म्हणाली, एक बोट. दोघींची घासाघीस चालू झाली, मी आपली खडू घेऊन उभी. लग्नात घालणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. नवरीला विचारायची सूचना मी अमावस्याच्या नावाने त्यांच्या कानावर घातलीय.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला मापं घेताना मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ बायका विचारतात, मला काय चांगलं दिसेल? यात बारीक दिसेन ना? सासूबाईंना चालेल असा गळा करा. या पोरी तसलं काही विचारत नाहीत. घागरा जमिनीपासून किती वर, लेस कुठल्या शिलाईवर सुरू होणार, हातमोज्याचा अंगठा उघडा की बंद, सगळं ठरवून येतात. अर्ध्या इंचावरून माझ्याशी भांडतात. चार दिवसांच्या नादासाठी कुणी अर्ध्या इंचावरून भांडत नाही, असं माझं मत. वादीदादांनी लिहिलेलं मात्र डोक्यात राहिलंय. माझ्या आजीलाही नेसण्यावरून काय काय ऐकावं लागलं होतं, ते आईकडून ऐकलंय. इथे नाही लिहीत.

जुना_पेठकर

दहातल्या नऊ कशाला, आमच्या घरी दहातल्या दहा. असो. दोन बोटं गळा वर, हे उत्तम.

नाटकवेडी

काकू, पुढच्या वेळी काळ्या खणाचा कॉर्सेट करा ना. काठ मधोमध उभा घ्यायचा. आपलंही आणि त्यांचंही.

शिलाईवाली

कल्पना छान आहे, पण नुसत्या खणाचा होत नाही. खणाचा पन्हा लहान, आणि दोरी आवळली की विण सरकते, शिलाईपाशी जाळी पडते. आत ड्रिलचं जाड कापड दुहेरी घालून, त्यात बोन (आकार धरणाऱ्या पट्ट्या) बसवून, खण नुसता वरून चढवावा लागेल. मग वजन वाढतं. प्लॅस्टिकचा बोन घामाने आणि अंगाच्या उष्णतेने वाकडा होतो. पोरी ऑनलाइन स्टीलचा मागवतात.

अमावस्या

वरून चढवलेला चालेल! मला हवाय. पण काठ काळाच. लाल काठ घातला तर मी हळदीकुंकवाला आल्यासारखी दिसेन.

इचलकरंजीचं_सूत

काळ्या कापडाबद्दल दोन गोष्टी, कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये काम करतो म्हणून. स्वस्त काळं सुती कापड बहुतेक सल्फर ब्लॅकमध्ये, म्हणजे गंधक असलेल्या काळ्या रंगात, रंगवलेलं असतं. दिसायला दाट, पण धुलाई नीट झाली नसेल तर घासलं की रंग सुटतो. पांढरा रुमाल ओला करून कापडावर चोळून बघा, घेण्याआधी. दुसरं, असलं कापड वर्षानुवर्षं घडी घालून ठेवू नका. रंगातल्या गंधकापासून आम्ल तयार होतं, सूत कुजतं आणि एक दिवस घडीवर फाटतं. कॉर्सेटला तर ताण असतो. रिॲक्टिव्हमध्ये (सुताला पक्का धरणाऱ्या रंगात) रंगवलेलं मागा, थोडं महाग पडेल, पण टिकेल. धुताना उलटं करून, सावलीत वाळवा.

जुना_मेटलवाला

माझे टी-शर्ट राखाडी का झाले ते आज कळलं.

मिसळ_कट

आम्हाला वाटलं वयामुळे.

एका_मुलाची_आई

शिलाईवाली ताई, तुमच्याकडे मुलांचं शिवता का? माझ्याला उभ्या कॉलरचा लांब काळा कोट हवाय. मी नको म्हणतेय, पण बाहेर कुठेतरी शिवून घेण्यापेक्षा तुमच्याकडे शिवलेला बरा. आणि खण चढवलेल्या कॉर्सेटचे किती घेता, भाची विचारतेय.

शिलाईवाली

कोट शिवते, पण खांद्याच्या मापाला तो स्वतः पाहिजे, जुना शर्ट पाठवू नका. कॉर्सेटची शिलाई 2,200, खण आणि ड्रिल तुमचं, स्टीलचा बोन तुम्हीच मागवा. ॲडव्हान्स निम्मा. आणि दिवाळीच्या आधी ब्लाउजची गर्दी असते, तेव्हा काळं काही हातात घेणार नाही. पांढरी शिवणं खराब होतात.